रेषा कुठे ओढायची? अरब देशांतील बहुआयामी दारिद्र्य आणि त्याचे मोजमाप

सांख्यिकीप्रेमी (धागाकर्ता)

जॉर्डनमध्ये गरीब किती, या साध्या प्रश्नाच्या दोन उत्तरांनी गेले काही दिवस माझ्या मनात घर केले आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम २०१० पासून जो जागतिक बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक प्रसिद्ध करतात, त्यानुसार जॉर्डनमधील जेमतेम ०.४ टक्के लोक गरीब ठरतात. त्याच देशाच्या सरकारने २०१७-१८ च्या घरखर्चाच्या पाहणीवरून जाहीर केलेले दारिद्र्याचे प्रमाण मात्र १५.७ टक्के होते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. मग या दोन्हींच्या मधल्या लाखो माणसांना काय म्हणायचे, या प्रश्नासाठी हा धागा काढला आहे.

आधी पद्धत थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी चर्चा तिच्यावर उभी आहे. सबिना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर यांनी बसवलेल्या या पद्धतीत घराचे उत्पन्न विचारले जात नाही. घरातल्या माणसांना कशाकशाची वाण, म्हणजे उणीव आहे, हे पाहिले जाते. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान हे तीन आयाम असून प्रत्येकाला एक तृतीयांश वजन दिलेले आहे. आरोग्यात पोषण आणि बालमृत्यू, शिक्षणात शालेय वर्षे आणि मुलांची शाळेतली उपस्थिती असे दोन-दोन निर्देशक येतात, तर राहणीमानात स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, पिण्याचे पाणी, वीज, घराचे बांधकाम आणि मालमत्ता असे सहा. वजनांची बेरीज एक तृतीयांशापर्यंत पोहोचली की ते घर गरीब.

समजा, दक्षिण इजिप्तमधल्या एखाद्या गावात सहा माणसांचे घर आहे. घरात कोणीही सहा इयत्ता शिकलेले नाही, म्हणजे एक षष्ठांश. बारा वर्षांची मुलगी शाळेत जात नाही, म्हणजे आणखी एक षष्ठांश. एवढ्यावरच ते घर गरीब ठरते, मग घरात वीज असो, नळ असो वा टीव्ही असो. शेजारच्या घरात मातीची जमीन आहे, शौचालय नाही, पाणी दुरून आणावे लागते, चूल गोवऱ्यांवर पेटते आणि मालमत्ता म्हणावी अशी वस्तू नाही, पण सगळी मुले शाळेत आहेत, घरात एक जण आठवी झाला आहे आणि वीज आहे. त्या घराची बेरीज पाच अष्टादशांश, म्हणजे सुमारे २७.८ टक्के होते. ते गरिबांत मोजले जात नाही, ‘दारिद्र्याच्या उंबरठ्यावर’ या गटात जाते. हे बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. पण निदान वाद कशाबद्दल आहे ते सर्वांना दिसते, आणि मला ही या पद्धतीची मोठीच जमेची बाजू वाटते.

गरिबांचे शेकडा प्रमाण आणि गरीब माणसाला सरासरी किती वाणींना तोंड द्यावे लागते ती तीव्रता, या दोहोंचा गुणाकार म्हणजे निर्देशांक. त्यामुळे रेषेच्या अगदी जवळ असलेल्या चार घरांना हात देऊन आकडा सुधारला, एवढ्यावर भागत नाही. रेषेच्या खूप खाली असलेल्या घरात निदान नळ आला तरी त्याची नोंद होते.

आता अरब देशांकडे येऊ. जागतिक निर्देशांकाच्या कसोट्या अत्यंत गरीब देशांना समोर ठेवून बेतलेल्या आहेत. मॉरिटानियात त्या ५८.४ टक्के लोकांना पकडतात आणि सुदानमध्ये ५२.३ टक्के, पण ट्युनिशियात ०.८ आणि अल्जिरियात १.४ टक्क्यांवर येऊन थांबतात. ट्युनिशियात २०१०-११ मध्ये ज्या असंतोषाने राजवट उलथवली, त्याची या आकड्यात चाहूलसुद्धा लागत नाही. म्हणून अरब लीग, बैरूतमधील संयुक्त राष्ट्रांचा प्रादेशिक आयोग एस्क्वा, युनिसेफ आणि ऑक्सफर्डचे संशोधक यांनी मिळून २०१७ मध्ये अरब बहुआयामी दारिद्र्य अहवाल काढला. त्यात अल्जिरिया, कोमोरोस, इजिप्त, इराक, जॉर्डन, मॉरिटानिया, मोरोक्को, सुदान, ट्युनिशिया आणि येमेन हे दहा देश होते.

या अहवालाने एकाऐवजी दोन रेषा ओढल्या. ‘तीव्र दारिद्र्या’च्या रेषेसाठी घरात कोणी प्राथमिक शिक्षण पूर्ण केले आहे का, असे विचारले, ‘दारिद्र्या’च्या रेषेसाठी कोणी माध्यमिक शिक्षण पूर्ण केले आहे का, असे विचारले. इतर निर्देशकांतही अशीच एक खालची आणि एक वरची पायरी ठेवली. पहिल्या रेषेखाली १३.४ टक्के, म्हणजे ३ कोटी ८२ लाख लोक आले. दुसऱ्या रेषेखाली ४०.६ टक्के, म्हणजे ११ कोटी ६१ लाख. आणखी २४.६ टक्के लोक उंबरठ्यावर होते. दहा देशांतली निम्मी वस्ती खेड्यांत राहते, पण तीव्र दारिद्र्यातले ८३ टक्के लोक खेड्यांतले निघाले. आणि दारिद्र्याला सर्वांत मोठा हातभार लावणारा आयाम ठरला शिक्षण.

माझे म्हणणे असे की या प्रदेशासाठी दुसरी रेषा हीच खरी रेषा आहे. जाणकारांनी आपली मते मांडावीत. विशेषतः मोजल्यानंतर दारिद्र्य प्रत्यक्षात कशाने घटले, याबद्दल.

तोरणमाळ

धागा आवडला. आपल्याकडे नीती आयोगाचा राष्ट्रीय निर्देशांक याच पद्धतीवर चालतो, हे अनेकांना ठाऊक असेल. मातृआरोग्य आणि बँक खाते हे दोन निर्देशक जोडून त्यांनी दहाचे बारा केले. महाराष्ट्राचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १४.८० टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्क्यांवर आले.

मी काही वर्षे नंदुरबार जिल्ह्यात घरोघरी पाहणीचे काम केले आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. प्रश्नावलीत शौचालयाचा रकाना असतो. एका पाड्यावर मी ‘आहे’ लिहिणार, तेवढ्यात घरातल्या आजीने मला मागे नेऊन दाखवले. आत सरपण रचलेले होते, वर कोंबड्यांचे खुराडे होते आणि पाण्याची सोय कुठेच नव्हती. मी काय लिहायचे? शाळेचेही तसेच. हजेरीपटावर नाव असते आणि मूल ऊसतोडीला गेलेले असते. अरब देशांच्या पाहण्यांतही ही अडचण येत असणार. युनिसेफने २०१७ मध्ये त्या भागातल्या अकरा देशांबद्दल जे निष्कर्ष मांडले, त्यात पाच ते सतरा वयोगटातली पावपेक्षा अधिक मुले एक तर शाळेत नव्हती किंवा वयाच्या मानाने दोन इयत्ता मागे होती, असे म्हटले होते. ‘दोन इयत्ता मागे’ हे मोजणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण नुसते पटावरचे नाव तिथे पुरत नाही.

अभ्यासू

धागाकर्त्यांच्या मांडणीबद्दल आदर ठेवूनच एक आक्षेप नोंदवतो. रेषा वर सरकवली की गरीब वाढणार, हे उघड आहे. १३.४ आणि ४०.६ या दोन आकड्यांमधले अंतर जगाबद्दल फार काही सांगत नाही, ते व्याख्येबद्दल सांगते. लेबनॉनचे उदाहरण घ्या. एस्क्वाच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये तिथले बहुआयामी दारिद्र्य ४२ टक्के होते आणि २०२१ मध्ये ते ८२ टक्क्यांवर गेले. लेबनॉनच्याच सांख्यिकी खात्याने जागतिक बँकेसोबत काढलेल्या निर्देशांकात मात्र २०१९ चा आकडा ५३.१ टक्के आहे. देश एक, वर्ष एक, आणि फरक अकरा टक्क्यांचा. मंत्र्याने यातला कोणता आकडा उचलावा?

सांख्यिकीप्रेमी

अभ्यासू, आपला आक्षेप योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. वेगवेगळ्या निर्देशांकांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वजाबाकी करणे चूकच आहे. परंतु एकाच मोजपट्टीने दोनदा मोजले, तर वजाबाकीला अर्थ येतो. दोन वर्षांत ४२ चे ८२ होणे ही व्याख्येची करामत नाही. ज्या लिराचा डॉलरमागे सुमारे १,५०७ असा दर १९९७ पासून बांधलेला होता, ते चलन कोसळले, बँकांतल्या ठेवी अडकल्या आणि औषधे दुकानांतून नाहीशी झाली.

माझा मुद्दा वेगळा आहे. रेषा वर सरकवली की फक्त संख्या वाढत नाही, वाणींचे स्वरूपही बदलते, आणि ते बदलले की सरकारने काय करावे याचे उत्तर बदलते. खालच्या रेषेवर उत्तर असते नळ, वीज, प्राथमिक शाळा. वरच्या रेषेवर ते माध्यमिक शाळा, घरातली गर्दी आणि दळणवळण यांकडे सरकते. जॉर्डनमध्ये अम्मानशेजारच्या झर्का शहरात दोन खोल्यांत आठ माणसे राहत असतील, घरी गॅसचा सिलिंडर असेल, वीज असेल, आणि एकानेही माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेले नसेल, तर पहिली मोजपट्टी त्या कुटुंबाला ‘सर्व ठीक’ म्हणून निरोप देते.

डॉ. रेवती

आरोग्याच्या आयामाबद्दल थोडे लिहिते. २०१७ च्या अरब निर्देशांकात पोषण आणि बालमृत्यू यांच्या जोडीला एक तिसरा निर्देशक घेतला होता: मुलीला कोवळ्या वयात आलेले गरोदरपण किंवा तिची सुंता. इजिप्तच्या २०१४ च्या आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या विवाहित किंवा पूर्वविवाहित स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांची सुंता झालेली आढळली. जागतिक निर्देशांकाच्या दहा निर्देशकांत या इजेचा मागमूसही नाही. ही गोष्ट गरीब घरांपुरती मर्यादित नसते, म्हणून तिला ‘दारिद्र्य’ म्हणावे का, असा प्रश्न काही जण विचारतात. मला वाटते, म्हणावे. मुलीच्या शरीरावर कायमची जखम करून तिचे आरोग्य हिरावून घेणे ही वाण नसेल, तर वाण कशाला म्हणायचे?

मस्कतवासी

मी अकरा वर्षे ओमानमध्ये नोकरी करतो आहे. या चर्चेत आखाती देश कुठेच नाहीत, हे कोणी कसे लक्षात आणून दिले नाही? दहा देशांच्या यादीत सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत, कतार, बहरीन आणि ओमान यांपैकी एकही नाही.

ओमानने नागरिकांसाठी अलीकडे चांगले पाऊल उचलले, हे मात्र आवर्जून सांगतो. २०२३ च्या सामाजिक संरक्षण कायद्यानंतर जानेवारी २०२४ पासून प्रत्येक ओमानी मुलामागे महिन्याला १० रियाल आणि वृद्धांना ११५ रियाल मिळतात. उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही. गरीब कोण हे शोधण्याची कटकट नाही, त्यामुळे चुकून कोणी सुटण्याची भीती नाही.

पण मस्कतच्या बाहेर मजुरांच्या निवासांत मी गेलो आहे. एका खोलीत दुमजली खाटांवर आठ-दहा जण, कोपऱ्यात एकच शेगडी, आणि प्रत्येकाच्या उशाशी कुलूप लावलेली पेटी. यांत रत्नागिरीकडचे लोकही भेटतात. यांना कोणत्या घराच्या पाहणीत धरणार? बायको-मुले गावी आहेत. तिकडची पाहणी त्यांच्या घराला पक्के छप्पर, टीव्ही, मोटरसायकल असल्याचे लिहून घेते आणि तो माणूस स्वतः कुठल्याच घरात मोजला जात नाही. कुटुंब हा मोजमापाचा एकक मानला की अशी माणसे दोन्हीकडून निसटतात.

गार्गी

दारिद्र्य कशाने घटले, या प्रश्नाकडे वळते. मोरोक्कोच्या नियोजन उच्चायोगाने २०२५ मध्ये जाहीर केलेले आकडे सांगतात की तिथले बहुआयामी दारिद्र्य २०१४ मध्ये ११.९ टक्के होते आणि २०२४ मध्ये ६.८ टक्के झाले. गरिबांची संख्या सुमारे ४० लाखांवरून २५ लाखांवर आली. ही मोठी कामगिरी आहे. पण तीव्रता ३८.१ वरून ३६.७ टक्के, एवढीच उतरली. शिवाय खेड्यांत १३.१ टक्के आणि शहरांत ३ टक्के अशी दरी आहेच. म्हणजे पुष्कळ लोक रेषेपलीकडे गेले, पण जे मागे राहिले त्यांचे हाल जवळपास तेवढेच राहिले.

यामागची कहाणी तीस वर्षांची आहे. १९९५ मध्ये मोरोक्कोच्या ग्रामीण भागात फक्त १८ टक्के घरांना वीज होती. त्याच वर्षी खेड्यांसाठी पाणीपुरवठ्याचा आणि १९९६ मध्ये विद्युतीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. वीस-बावीस वर्षांत वीज ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचली. जिथे तारा नेणे परवडत नव्हते, तिथे घरावर सौर संच बसवले. पाणी जवळ आल्याचा पहिला लाभ मुलींना झाला, कारण ॲटलसच्या डोंगरांत पाणी भरणे हे मुलींचे काम होते आणि शाळेच्या वेळा त्या खेपांतच निघून जात.

२००८ मध्ये ‘तयसीर’ ही योजना आली. या अरबी शब्दाचा अर्थ सुकर करणे असा आहे. मुले शाळेत जात असतील, तर पालकांना थोडी रक्कम मिळे. सरकारने काही गावांत हजेरीची अट घातली आणि काही गावांत ‘हे पैसे मुलांच्या शिक्षणासाठी आहेत’ एवढेच सांगून अट न घालता ते दिले. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डफलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा विनाअट गावांतही मुले शाळेत टिकण्याचे प्रमाण चांगलेच वाढलेले आढळले; अटीने त्यात जवळजवळ काहीच भर घातली नाही. पैसे आईच्या हाती दिले की वडिलांच्या, यानेही फारसा फरक पडला नाही. गरीब आई-बापांवर अविश्वास दाखवून पाळत ठेवण्याचा खर्च किती व्यर्थ असू शकतो, हे मला या प्रयोगातून समजले.

अभ्यासू

गार्गी, आपल्या प्रतिसादाने माझा आक्षेप थोडा मवाळ झाला. तीव्रतेचा आकडा स्वतंत्र असल्याशिवाय मोरोक्कोचे हे चित्र दिसलेच नसते.

मात्र मोजणे आणि निवडणे यांत गल्लत होऊ नये. जॉर्डनच्या ‘तकाफुल’ या रोख मदतीच्या योजनेत अर्जदार कुटुंबांची क्रमवारी संगणकीय सूत्राने लावली जाते आणि त्यात ५७ निर्देशक आहेत. घरात पाच वर्षांहून कमी जुनी गाडी असेल तर कुटुंब अपात्र ठरत असे. विजेचा वापर किती, हेही पाहिले जाई. २०२३ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने यावर टीका करणारा अहवाल काढला. जुने, गळके शीतकपाट जास्त वीज खाते. म्हणून गरिबाचे वीजबिल कधी कधी सुखवस्तू माणसापेक्षा जास्त येते, आणि सूत्र त्याला श्रीमंत समजते. देशाची सरासरी काढताना अशा चुका एकमेकींना झाकतात. एका घराच्या दारात उभे राहून ‘तुम्हाला मिळणार नाही’ म्हणताना त्या झाकल्या जात नाहीत.

इजिप्तची पावाची सवलत याच्या अगदी उलट टोकाला आहे. तिथे पावाला ‘ऐश’ म्हणतात, म्हणजे जीवन. सवलतीचा पाव १९८९ पासून ५ पियास्तरला (पियास्तर म्हणजे तिथल्या पाउंडाचा शंभरावा भाग) मिळत असे. जून २०२४ मध्ये तो २० पियास्तर झाला. इतक्या मोठ्या लोकसंख्येला पाव देण्याचा खर्च प्रचंड आहे आणि त्यातून मुलगी शाळेत जात नाही, हे मान्य; पण तो मिळवायला कोणत्याही सूत्रापुढे आपले शीतकपाट उघडून दाखवावे लागत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इजिप्तच्या ‘तकाफुल आणि करामा’ या रोख मदतीतला मुलांच्या कुटुंबांसाठीचा ‘तकाफुल’ हा भाग शाळेतली ८० टक्के हजेरी आणि आरोग्य तपासण्यांशी जोडलेला आहे. गार्गींनी सांगितलेला मोरोक्कोचा अनुभव पाहता, त्या हजेरीच्या अटीचा पुनर्विचार व्हायला हवा, असे मला वाटते.

तोरणमाळ

एक अस्वस्थ करणारी गोष्ट राहून गेली. वर सुदानचा जो ५२.३ टक्के आकडा आला, तो २०१४ च्या पाहणीवरचा आहे. एप्रिल २०२३ पासून तिथे युद्ध पेटले आहे. खार्तूममधली घरेच रिकामी झाली. येमेनच्या २०१३ च्या पाहणीत ४८.५ टक्के लोक गरीब होते. युद्ध सुरू झाल्यानंतर तिथे वेगळ्या निर्देशकांनी झालेल्या मोजणीत ८२.७ टक्के निघाले. पट्टी वेगळी असल्याने वजाबाकी करत नाही, पण दिशा कळते. पाहणीसाठी गणकाला दार ठोठवावे लागते. जिथे दारच राहिले नाही, तिथे तो कुठे जाणार? तंबूतल्या, शाळांच्या आवारात आसरा घेतलेल्या माणसांपर्यंत घरांच्या याद्या पोहोचत नाहीत.

डॉ. रेवती

या संदर्भात पॅलेस्टाइनचा उल्लेख करायला हवा. रामल्लातील त्यांच्या सांख्यिकी केंद्राने २०२० मध्ये स्वतःचा निर्देशांक काढला आणि त्यात पैशाचे दारिद्र्य व व्यक्तिस्वातंत्र्य यांनाही आयाम म्हणून जागा दिली. २०१७ च्या माहितीनुसार पश्चिम किनाऱ्यावर ११ टक्के आणि गाझात ४५ टक्के लोक गरीब होते. निव्वळ पैशाच्या रेषेने हेच आकडे १३.९ आणि ५३ होते. स्वातंत्र्याला दारिद्र्याच्या हिशेबात धरणे अनेकांना विचित्र वाटेल. पण पावलोपावली तपासणी नाके असतील, तर दहा किलोमीटरवरचे रुग्णालय नकाशावर जवळ असून गर्भवतीसाठी दूरच असते. आणि हे सारे आकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटण्याआधीच्या गाझाचे आहेत.

मस्कतवासी

सांख्यिकीप्रेमी, एक प्रश्न विचारतो. माझे काही सहकारी लेबनॉनचे आहेत. त्यांच्या घरी मीटर आहे, तारा आहेत, दिवे आहेत, पण संकटाच्या काळात सरकारी वीज दिवसाला एक-दोन तास येत असे. बाकीच्या वेळी गल्लीतल्या जनरेटरवाल्याकडून पाच अँपिअरची जोडणी घ्यायची. तिला ते ‘इश्तिराक’ म्हणजे वर्गणी म्हणतात. ती परवडली नाही की रात्रभर अंधार आणि शीतकपाटातले अन्न नासलेले. ‘घरात वीज आहे का’ या रकान्यात त्यांनी काय लिहायचे?

सांख्यिकीप्रेमी

आजच्या जागतिक निर्देशांकात ‘आहे’ असेच लिहिले जाईल, आणि तोरणमाळ यांना त्या पाड्यावर पडलेला प्रश्न हाच होता. ‘आहे की नाही’ याऐवजी ‘दिवसाला किती तास’ असे विचारता येते; त्याला एक जादा ओळ लागते आणि उत्तर देणाऱ्याला ते तोंडपाठ असते. शाळेच्या बाबतीतही तसेच. मोरोक्कोच्या डोंगराळ भागात गावात प्राथमिक शाळा असते, पण पुढची शाळा तालुक्याच्या गावी, कित्येक किलोमीटरवर. म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुली घरी बसतात. जिथे त्या शाळेलगत ‘दार तालिबा’ नावाची मुलींची वसतिगृहे झाली, तिथे मुली पुढे शिकू लागल्या. म्हणून माझ्या मते घराच्या पाहणीत पुढच्या इयत्तेची शाळा किती अंतरावर आहे आणि मुलीला तिथे राहण्याची सोय आहे का, हे दोन प्रश्न असायला हवेत. नंदुरबारच्या पाहणीत अंतराचा रकाना होता का, हे तोरणमाळ यांनी सांगितले तर बरे होईल.

तोरणमाळ

मी भरलेल्या प्रश्नावलीत नव्हता. आश्रमशाळेत मूल आहे का, एवढे विचारत असू. डोंगर उतरून शाळेत जायला किती वेळ लागतो, ते आया आपणहून सांगत, आणि मी ते समासात पेन्सिलीने लिहून ठेवत असे.